चपटे टॅपेट, नवा कॅम आणि ऑइलचा डबा

अँबॅसिडरचं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन मूळचं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) बी-सिरीज. सुरुवातीच्या एमजीए स्पोर्ट्स गाडीतही हेच इंजिन होतं, त्यामुळे त्यातून जास्त ताकद काढायचे मार्ग जुने आणि चांगले माहीत असलेले आहेत. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं, एकाच्या जागी दोन एसयू कार्ब्युरेटर लावायचे, जास्त लिफ्टचा कॅम (व्हॉल्व्ह उचलणारा उंचवट्यांचा दांडा) आणि त्याला पेलतील असे दुहेरी व्हॉल्व्ह स्प्रिंग बसवायचे. बेळगावात उद्यमबागेतल्या मशीन शॉपमधून असं बांधलेलं एक इंजिन तयार झालं. त्यात कुठलं ऑइल घालायचं, हे ठरवताना जे जे तपासलं आणि केलं, ते इथे क्रमाने आहे.

हा प्रश्न आजच्या गाडीला पडत नाही. तिच्या कॅमवर बऱ्याच ठिकाणी रोलर फिरतो. बी-सिरीजमध्ये टॅपेटचा, म्हणजे कॅमची उचल पुशरॉड आणि रॉकरमार्फत व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या तुकड्याचा, तळ थेट कॅमच्या उंचवट्यावर (लोबवर) घासतो. त्याला चपटा म्हणतात, पण चांगल्या टॅपेटचा तळ अगदी किंचित फुगीर असतो आणि कॅमचा लोबही एका बाजूला किंचित उतरता घासलेला असतो. दोन्हींमुळे टॅपेट लोबच्या मध्यावर न टेकता जरा बाजूला टेकतं आणि प्रत्येक फेरीला स्वतःभोवती थोडं फिरतं. टॅपेट फिरत राहिलं की झीज सगळ्या तळावर वाटली जाते. ते अडकलं की एकाच रेषेवर घासतं, लोबचं टोक चपटं होतं आणि ती धातूची पूड बेअरिंगांपर्यंत जाते.

कॅमला पंपाचं ऑइल फक्त त्याच्या बेअरिंगांत मिळतं. लोब आणि टॅपेटच्या तळाला मिळतं ते क्रँकने उडवलेलं आणि वरून पुशरॉडच्या वाटेने गळून आलेलं. आयडलिंगला हे उडणं कमी. शिवाय आयडलिंगला लोबच्या टोकावर स्प्रिंगचा पूर्ण भार असतो. इंजिन जोरात फिरतं तेव्हा टोकाशी व्हॉल्व्हची गती उलटत असल्यामुळे त्यातला काही भार व्हॉल्व्ह आणि रॉकरच्या जडत्वाकडे जातो, म्हणून टोकावरचा दाब उलट कमी होतो. नवा कॅम संथ चालवून रुळवायचा, ही समजूत म्हणूनच उलटी आहे. रेसपेक्षा आयडलिंगच कॅमला जास्त खातं.

अशा दाबाखाली ऑइलचा पातळ थर तुटतो आणि धातूला धातू लागतो. तिथे उपयोगी पडतं ते झिंक डायअल्काइल डायथायोफॉस्फेट, सगळे त्याला जेडडीडीपी किंवा नुसतं झिंक म्हणतात. उष्णता आणि दाब मिळाला की ते लोखंडावर फॉस्फेटचा काचेसारखा थर तयार करतं. झिजतो तो थर, लोखंड वाचतं, आणि थर पुन्हा तयार होत राहतो. बेळगावात हायड्रॉलिकचे कारखाने भरपूर असल्यामुळे ही गोष्ट इथल्या फिटरला नव्याने सांगावी लागत नाही. पंपात झिंकचं ऑइल घालायचं की बिनझिंकचं, हा त्यांचा रोजचा प्रश्न. पण ते हायड्रॉलिक ऑइल इंजिनात चालत नाही. त्यात झिंक इंजिन ऑइलपेक्षा कमी असतं, आणि काजळी धरून ठेवणारी व आम्ल मारणारी द्रव्यं पुरेशी नसतात. 'झिंक आहे ना, मग घाला' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवायचं.

आता डब्याकडे. खरं मोजायचं ते जेडडीडीपीमधला फॉस्फरस, कारण मर्यादा त्याच्यावर आहे. फॉस्फरस सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करतो, म्हणून पेट्रोल गाड्यांच्या ऑइलमधला तो टप्प्याटप्प्याने कमी केला गेला. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला 0.12 टक्के, मग 0.10, आणि 2004मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा (एपीआय) एसएम हा ऑइलचा वर्ग आला तेव्हा 0.08 टक्के, म्हणजे 800 पीपीएम (दहा लाख भागांत 800). त्यानंतरच्या एसएन आणि एसपी वर्गांमध्येही हलक्या, म्हणजे पातळ, ग्रेडना तीच वरची मर्यादा आहे, खालची 0.06. पण इथे एक बारकावा आहे आणि दुकानात तो कुणी सांगत नाही. ही वरची मर्यादा 5डब्ल्यू-30, 10डब्ल्यू-30, 0डब्ल्यू-20 अशा इंधन वाचवणाऱ्या हलक्या ग्रेडना आहे. 20डब्ल्यू-50 किंवा 15डब्ल्यू-40ला ती नाही. म्हणजे एसएन छापलेल्या 20डब्ल्यू-50मध्ये फॉस्फरस 0.08 टक्क्यांपेक्षा जास्त असू शकतो, आणि नसूही शकतो. डब्यावरून ते कळत नाही.

दुकानदाराचा सल्ला होता, "साहेब, एसपी आलंय, सगळ्यात नवं, तेच घ्या की वो." नव्या गाडीला तो सल्ला बरोबर आहे. जुन्या गाड्यांवर हयात घालवलेल्या मेस्त्रींचा सल्ला वेगळा होता: "डिझेलचं 15-40 घाला, ट्रकला चालतंय तर याला का नाही?" याच्यामागे अनुभव आहे आणि बराचसा तो खरा आहे. एपीआयच्या सीएच-4 आणि सीआय-4 वर्गांच्या डिझेल ऑइलांत फॉस्फरस बहुधा 1100 ते 1400 पीपीएमच्या दरम्यान सापडतो. पण 2006च्या सीजे-4पासून आणि पुढे सीके-4मध्ये डिझेल ऑइललाही 0.12 टक्क्यांची मर्यादा आली, कारण नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्येही फिल्टर बसले. एप्रिल 2020पासून बीएस-6 आल्यावर आपल्या दुकानांत हे नवं ऑइल सर्रास दिसतं. म्हणून 'डिझेलचं' एवढं सांगून भागत नाही, सीआय-4 की सीके-4 ते पाहावं लागतं.

डिझेल ऑइलची दुसरी बाजू अशी की आम्ल मारण्यासाठी त्यात कॅल्शियमचे डिटर्जंट भरपूर असतात, आणि धातूच्या पृष्ठभागावर बसायला तेही जेडडीडीपीच्या बरोबरीने धावतात. 1200 पीपीएम फॉस्फरस डिझेल ऑइलमधला आणि तेवढाच पेट्रोल ऑइलमधला, कॅमला दोन्ही सारखेच मिळतात असं नाही. रुळलेल्या कॅमला आणि मूळच्या स्प्रिंगांना सीआय-4 15डब्ल्यू-40 व्यवस्थित चालतं, त्याबद्दल वाद नाही. नवा कॅम आणि कडक स्प्रिंग असतील तर पहिल्या भरण्याला ते आमची पहिली पसंती नव्हतं.

एसएन म्हणजे जुन्या इंजिनाचं मरण, असंही ओरडायचं कारण नाही. एसएम आणि एसएनसाठी लागणाऱ्या एका चाचणीत जनरल मोटर्सचं 3.8 लिटरचं व्ही-6 इंजिन असायचं, त्याचे टॅपेट चपटेच होते आणि कॅमची झीज मोजली जायची. मूळ कॅम, मूळ स्प्रिंग, रुळलेलं इंजिन असेल तर चांगल्या कंपनीच्या एसएन 20डब्ल्यू-50ने कॅम खराब होत नाही. इथला प्रश्न दुहेरी स्प्रिंगचा आणि न रुळलेल्या लोबचा होता.

मार्ग सापडला तो मोटारसायकलच्या ऑइलमध्ये. जॅसो टी-903 या जपानी मानकात, म्हणजे डब्यावर एमए किंवा एमए2 लिहिलेलं असतं त्यात, फॉस्फरस 0.08 ते 0.12 टक्के असावाच लागतो. खालची आणि वरची दोन्ही हद्द बांधलेली. ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या, क्लचसाठी घर्षण कमी करणारी द्रव्यं त्यात टाळलेली असतात. गाडीच्या सुक्या क्लचला त्याचं काही नाही, पण पिस्टनच्या रिंगा रुळायच्या वेळी ते फायद्याचंच. 20डब्ल्यू-50 एमए ऑइल बेळगावपासून निपाणी-चिकोडीपर्यंत कुठल्याही मोटारसायकलच्या दुकानात मिळतं. तोटा एवढाच की ते लिटर-सव्वा लिटरच्या डब्यात येतं, पाच लिटरच्या कॅनपेक्षा महाग पडतं.

तरीही 0.08 आणि 0.12 यांत दीडपटीचा फरक आहे. म्हणून कंपन्यांच्या संकेतस्थळांवरून उत्पादनाची तांत्रिक पत्रकं उतरवून घेतली आणि शेजारी शेजारी ठेवली. त्यात पाहायचं ते एवढंच: फॉस्फरस टक्के, झिंक टक्के, 100 अंशांना व्हिस्कॉसिटी (घट्टपणा), टीबीएन (आम्ल मारायची ताकद). काही पत्रकांत फक्त झिंक दिलेलं असतं. झिंक साधारण फॉस्फरसच्या 1.1 पट धरायचं, म्हणजे झिंक 0.11 असेल तर फॉस्फरस 0.10च्या आसपास. काहींत यातलं काहीच नसतं, तिथे कंपनीला ईमेल करायची. उत्तर आलं नाही तर तो डबा बाजूला. खात्री हवी असेल तर नव्या ऑइलचा नमुना लॅबला देऊन एएसटीएम डी-4951 या पद्धतीने मूलद्रव्यं मोजून घेता येतात.

एसएफ, एसजी लिहिलेली स्वस्त ऑइलं अजून बाजारात दिसतात आणि 'जुनं ग्रेड म्हणजे जुनं झिंक' असा हिशेब काही जण करतात. तो चुकीचा आहे. एपीआयने एसएच आणि त्याआधीचे वर्ग केव्हाच मोडीत काढले, त्यांचा परवाना आता कुणी देत नाही, तपासतही नाही. त्या अक्षरांवरून आत किती झिंक आहे, हे काहीच ठरत नाही.

निवडलेल्या 20डब्ल्यू-50 एमए2च्या पत्रकावर फॉस्फरस 0.10 टक्के होता. नेहमीच्या वापराला हे पुरेसं. रुळवण्यापुरतं ते 0.14 पर्यंत न्यायचं ठरलं. त्यापुढे जायचं नाही, कारण जास्त झिंक म्हणजे जास्त संरक्षण असं एका हद्दीपर्यंतच असतं. 0.14च्या वर दीर्घकाळ राहिलं तर झीज उलट वाढायला लागते आणि 0.20च्या पुढे जेडडीडीपी स्वतःच लोखंडाला रासायनिकरीत्या खायला लागतं, लोबचे टवके निघतात. बाटलीवर बाटली ओतणाऱ्यांचे कॅम त्यामुळेच जातात.

हिशेब सोपा आहे आणि तो स्वतः करावा. चार लिटर ऑइल, घनता साधारण 0.88, म्हणजे साडेतीन किलो. 400 पीपीएम वाढवायचं म्हणजे दर किलोला 0.4 ग्रॅम, एकूण 1.4 ग्रॅम फॉस्फरस. शुद्ध जेडडीडीपी कॉन्सन्ट्रेटमध्ये फॉस्फरस आठ टक्क्यांच्या आसपास असतो, तेव्हा सतरा-अठरा ग्रॅम लागतं. आकारमानात पंधरा मिली, तीन चहाचे चमचे. बाजारातल्या बाटल्यांत ते पातळ केलेलं असतं. किती पातळ, ते बाटलीच्या पत्रकावर असेल तरच ती घ्यायची, नाहीतर नाही. कॉन्सन्ट्रेट मोजायला इंजेक्शनची सिरिंज बरी पडते. आधी अर्धा लिटर कोमट ऑइलमध्ये नीट ढवळायचं आणि मग भरायचं, नाहीतर जड असल्यामुळे ते इंजिनाखालच्या ऑइल चेंबरच्या तळाला बसून राहतं.

आता घट्टपणा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. 20डब्ल्यूची सुरू होण्याची चाचणी उणे 15 अंशांना होते, 15डब्ल्यूची उणे 20ला. बेळगावच्या डिसेंबरच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांच्या आसपास असतो, तेव्हा या आकड्यावर इथे वेळ घालवण्यात अर्थ नाही. मागचा आकडा महत्त्वाचा. 100 अंशांना 40ची व्हिस्कॉसिटी 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक, 50ची 16.3 ते 21.9. एप्रिलमध्ये निपाणीकडून तवंदी घाट चढताना किंवा गोव्याहून चोर्ला चढून येताना ऑइल चांगलंच तापतं आणि तिथे 50चा फायदा दिसतो. आणखी एक कारण अगदी जमिनीवरचं आहे. या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नाही, ऑइल मागे फेकणारी आट्यांची खाच आहे. पातळ ऑइल तिथून क्लचकडे ठिबकतं. घट्ट ऑइल कमी ठिबकतं, पूर्ण थांबत नाही.

पण 50च्याही पुढे जाऊन 60 भरू नये. थंड इंजिनात प्रेशर गेजचा काटा वर चढलेला दिसतो आणि बरं वाटतं. प्रत्यक्षात पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून ऑइल परत चेंबरमध्ये पडत असतं, फिल्टरचाही बायपास उघडू शकतो. तापल्यावर दर हजार आरपीएमला दहा पीएसआय मिळालं तर पुरे.

आता ऑइलपेक्षाही महत्त्वाचा भाग. कॅम आणि टॅपेट चुकीचे असतील तर कुठलंही ऑइल ते वाचवत नाही, आणि 'ऑइल खराब होतं' म्हणून जे कॅम जातात त्यातल्या बऱ्याच कॅमचा दोष इथेच असतो. कॅम कास्ट आयर्नचा असतो आणि त्याच्या लोबचा वरचा थर ओतकामातच झटकन थंड (चिल) करून कडक केलेला असतो. चिल म्हणजे काय, हे बेळगावजवळच्या मच्छेच्या फाउंड्रीतला कुठलाही माणूस समजावून सांगेल. हा थर काही मिलिमीटरचाच. जुना कॅम पुन्हा ग्राइंड करून घेताना खोल गेलं की तो संपतो आणि खालचं मऊ लोखंड वर येतं. म्हणून ग्राइंडिंगनंतर हार्डनेस मोजून घेतला. टॅपेटचा तळ लोबपेक्षा कडक हवा. साधारण रॉकवेल सी 55 किंवा वर.

दुसरी चूक साध्या ग्राइंडरवर होते. लोब सपाट घासला जातो, मूळचा उतार जातो. उतार एका इंचाच्या हजाराव्या भागाचा, एक-दोन थाऊ, डोळ्याला दिसत नाही. लोबच्या दोन कडांवर मायक्रोमीटर लावून फरक बघायचा. फरक शून्य असेल तर टॅपेट फिरणार नाही, कॅम परत पाठवायचा. टॅपेट तपासायला तर काहीच लागत नाही. दोन टॅपेट तळाला तळ लावून धरायचे आणि हलवून बघायचे. किंचित डुलले तर फुगवटा शाबूत. घट्ट चिकटून बसले तर तळ झिजलेला, ते फेकायचे. नव्या कॅमला जुने टॅपेट कधीही नाहीत. जुन्या कॅमवर जुने टॅपेट चालतात, पण ज्याचा त्याचा लोब बदलता कामा नये. उघडतानाच अंडी ठेवायच्या ट्रेवर नंबर घालून ठेवले की गोंधळ होत नाही.

ब्लॉकमधल्या भोकात टॅपेट स्वतःच्या वजनाने खाली सरकलं पाहिजे आणि बोटाने गरगर फिरलं पाहिजे. अडकत असेल तर भोकातला कार्बन आणि गंज साफ करायचा. टॅपेट घासून बारीक करायचं नाही. ग्राइंड केलेल्या कॅमला मँगनीज फॉस्फेटिंग करून घेतलं. काळसर, खरखरीत थर येतो, तो सुरुवातीचं ऑइल धरून ठेवतो.

जोडताना लोबवर आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पेस्ट. टॅपेटच्या अंगाला मात्र साधं इंजिन ऑइल, कारण तिथे पेस्ट लागली की फिरणं जड होतं. दुहेरी स्प्रिंगांतले आतले स्प्रिंग रुळवण्यापुरते काढून ठेवले. नंतर ते हेड न उतरवता बसवता येतात. पिस्टन खाली असताना प्लगच्या भोकातून सुती दोरी सिलिंडरमध्ये सोडायची आणि क्रँक हाताने फिरवून पिस्टन वर आणायचा, दोरी व्हॉल्व्हला खालून आधार देते.

बी-सिरीजचा ऑइल पंप कॅमवरून चालतो. काही अमेरिकन व्ही-8 इंजिनांत डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिल मशीनने पंप आधीच फिरवून घेता येतो, तशी सोय इथे नाही. म्हणून पंप जोडतानाच त्यात व्हॅसलीन भरलं, फिल्टरच्या वाटीत ऑइल भरलं, आणि प्लग काढून स्टार्टरने गेजला काटा हलेपर्यंत फिरवलं. जेवढं गरजेचं तेवढंच, कारण प्रत्येक फेरीला लोबवरची पेस्ट पुसली जात असते.

रुळवण्याच्या दिवशीचा नियम असा की इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झालं पाहिजे. टायमिंग आधीच बसवलेलं, दोन्ही कार्ब्युरेटरच्या वाट्या हाताने पेट्रोल भरून तयार, रेडिएटर काठोकाठ, समोर मोठा फॅन, बाजूला आग विझवायचं नळकांडं. कार्ब्युरेटर ट्यून करायला आयडलिंगवर उभं राहायची ही वेळ नव्हे. सुरू होताच थेट 2000 आरपीएम. मग वीस-पंचवीस मिनिटं 1800 ते 2500 दरम्यान वरखाली, एकाच आकड्यावर स्थिर नाही, म्हणजे क्रँकचं शिंतोडणं जागा बदलत राहतं. तापमान चढलं किंवा पाणी गळलं तर आयडलिंगला आणायचं नाही, किल्ली फिरवून बंद करायचं, दुरुस्त करायचं, आणि पुन्हा थेट 2000वर सुरू करून उरलेला वेळ पूर्ण करायचा.

रॉकर कव्हर उघडं ठेवून प्रत्येक पुशरॉडच्या वरच्या टोकाला मार्करची उभी रेघ मारलेली होती. कव्हर नसलं की ऑइल अंगावर उडतं, पण पहिल्या मिनिटभरात काय ते दिसतं. आठही रेघा हळूहळू फिरताना दिसल्या पाहिजेत. एखादी थांबलेली दिसली तर तिथल्या तिथे बंद. बी-सिरीजची एक चांगली गोष्ट म्हणजे ब्लॉकच्या कुशीला टॅपेटची झाकणं आहेत. मॅनिफोल्ड, रॉकर शाफ्ट आणि पुशरॉड काढले की टॅपेट तिथून बाहेर येतं, हेड उतरवावं लागत नाही. अनेक इंजिनांत अशी सोय नसते.

वेळ पूर्ण होताच गरम असतानाच ऑइल काढलं आणि फिल्टर बदलला. ऑइल काळंकुट्ट दिसलं तरी घाबरू नये, तो रंग मॉलिब्डेनमच्या पेस्टचा. फिल्टर फेकायचा नाही. कापून, घड्या उलगडून, उन्हात लोहचुंबक फिरवून बघायचा. राखाडी, मेणासारखी बारीक पूड म्हणजे रुळण्याची स्वाभाविक झीज. चमकणारे टवके किंवा सुया म्हणजे लोब जातोय. लॅबच्या अहवालावर इथे एकट्याने विसंबू नये. मूलद्रव्यं मोजणारी यंत्रं अगदी बारीक, पाच-आठ मायक्रॉनच्या आतले कणच नीट पकडतात. मोठे टवके त्या आकड्यांत येतच नाहीत, फिल्टरमध्ये सापडतात.

मग आतले स्प्रिंग परत बसवले आणि टॅपेट क्लिअरन्स (रॉकर आणि व्हॉल्व्हमधला गॅप) गाडीच्या पुस्तकाप्रमाणे फिलर गेजने लावला. या क्लिअरन्सची वही ठेवायची. आठही व्हॉल्व्हचे आकडे, तारीख, किलोमीटर. पुढच्या तपासणीत सगळे थोडे हलले तर ते जोडकाम बसल्याचं लक्षण. एकाच व्हॉल्व्हचा गॅप वाढत असेल, लावला की पुन्हा वाढत असेल, तर तो लोब किंवा त्याचं टॅपेट झिजतंय. खात्रीसाठी डायल गेज पुशरॉडच्या टोकावर टेकवून लिफ्ट मोजायची आणि शेजारच्या तशाच व्हॉल्व्हशी ताडायची. आवाजावरून ओळखायची वाट पाहिली तर उशीर होतो.

दुसरं भरणं त्याच 20डब्ल्यू-50 एमए2चं, झिंक न वाढवता. ते 500 किलोमीटरला काढलं, फिल्टर पुन्हा कापला. त्यानंतर दर 3000 किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल ते. अशा गाड्यांत किलोमीटर आधी कधीच येत नाही. एका भरण्यात एक कंपनी आणि दुसऱ्यात दुसरी, अशी सरमिसळ टाळावी. टॉप-अपलाही तेच ऑइल हवं, म्हणून एक डबा डिकीत असावा. सिंथेटिकला विरोध नाही. कॅम रुळल्यावर, फॉस्फरस पत्रकावर पुरेसा दिसत असेल तर ते घालावं. मात्र मागच्या खाचेतून ठिबकणं वाढण्याची तयारी ठेवावी. सीलबंद डबा, ओळखीचं दुकान आणि बॅच नंबर यांवर तडजोड नको, भेसळीच्या ऑइलपुढे वरचा सगळा हिशेब वाया जातो.

खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यातला पाऊस जुन्या इंजिनाच्या ऑइलला वाईट. गाडी महिनामहिना शेडमध्ये, मधूनच पाच मिनिटं सुरू करून बंद. अशाने ऑइल तापतच नाही, वाफ आत साठते, रॉकर कव्हरच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते आणि पाण्याने जेडडीडीपी स्वतः विघटित होतं. सुरू करायचं तर अर्धा तास चालवून पूर्ण तापवायचं, नाहीतर सुरूच करायचं नाही. ऑइल बदलायची एक वेळ सप्टेंबर संपताना ठेवली की पावसाळ्यातलं पाणी बाहेर जातं. बराच काळ उभी राहिलेली गाडी सुरू करताना कॉइलची वायर काढून गेजला प्रेशर येईपर्यंत सेल्फ मारायचा, मग वायर लावून सुरू करायचं आणि पहिली दोन मिनिटं चोकवर घरघरत न ठेवता 1500वर धरायचं.

हाच हिशेब प्रीमियर पद्मिनीच्या 1089 सीसी इंजिनाला आणि हरिकेन पेट्रोल इंजिनाच्या जुन्या महिंद्रा जीपला लागू पडतो. दोन्हींत टॅपेट चपटेच. स्प्रिंग मूळचे असतील तर 0.08 ते 0.10 टक्के फॉस्फरस पुरतो, वेगळं काही ओतायची गरज नाही. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचे टॅपेटही घासतेच आहेत. तिच्या क्लचचं ऑइल वेगळ्या कप्प्यात असल्यामुळे इंजिनात एमए नसलेलं गाडीचं 20डब्ल्यू-50 घातलं तरी क्लच घसरत नाही. नंतरच्या एकसंध इंजिनाच्या बुलेटमध्ये क्लच आणि इंजिनाचं ऑइल एकच. तिथे एमए लागतंच, आणि टॅपेटला रोलर असल्यामुळे झिंकची ही सगळी मोजदाद तिला लागत नाही.